विश्लेषण : जुन्या छताचा गिलावा पडण्याआधी ओळखता येतो का?

पावसाळा आला की जुन्या शाळेच्या, कचेरीच्या किंवा दवाखान्याच्या छताचे प्लास्टर कोसळल्याची बातमी कुठून तरी येतेच. कधी खोली रिकामी असते म्हणून अनर्थ टळतो, कधी टळत नाही. त्यानंतर बहुतेक वेळा दोनपैकी एक निर्णय होतो. एक तर सगळे छत खरवडून त्यावर सिमेंट थापले जाते, नाही तर इमारत धोकादायक ठरवून पाडली जाते. छताच्या आत नेमके काय झाले आहे, हे दोन्ही वेळा कुणी पाहिलेले नसते. छताला भोक न पाडता, गिलावा न खरवडता आतली अवस्था टिपणारी तंत्रे आज उपलब्ध आहेत. ती काय आहेत, कशी काम करतात, कुठे कमी पडतात आणि भंडारा जिल्ह्यासारख्या ठिकाणी त्यांचा काय उपयोग, याचा हा आढावा.

भंडाऱ्याशी याचा संबंध काय?

जिल्ह्याचा वारसा म्हटले की तुमसर तालुक्यातला अंबागड, साकोली तालुक्यातला सानगडीचा किल्ला, पवनीची तटबंदी आणि तिथले स्तूपांचे अवशेष आठवतात. पण जिल्ह्याचा कारभार १८२०-२१च्या सुमारास लांजीहून भंडाऱ्याला आला आणि तेव्हापासून दोनशे वर्षे हे प्रशासनाचे ठिकाण आहे. एवढ्या काळात कचेऱ्या, शाळा, विश्रामगृहे, रेल्वेच्या इमारती आणि मालगुजारांचे वाडे उभे राहणे ओघाने आलेच. अशा इमारती संरक्षित स्मारकांच्या यादीत क्वचितच असतात, मात्र त्या रोजच्या वापरात असतात. त्यांच्या छताखाली मुले शिकतात, लोक दाखल्यांसाठी रांगा लावतात.

त्यात इथले हवामान छतांची कठोर परीक्षा घेणारे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि जूनपासूनच्या चार महिन्यांत वर्षाच्या सुमारे १३०० मिलिमीटर पावसाचा बहुतेक भाग पडून जातो. तापणे, भिजणे आणि पुन्हा वाळणे हे चक्र छताने शंभर-सव्वाशे वेळा सोसलेले असते.

जुने छत नेमके कसे बांधलेले असते?

ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिल्यात लाकडी तुळयांना खालून पातळ पट्ट्या किंवा बांबूच्या कामट्या ठोकलेल्या असतात आणि त्यांवर चुन्याचा गिलावा चढवलेला असतो. गवंडी ओला गिलावा जोराने दाबतो, तेव्हा तो पट्ट्यांमधल्या फटींतून वर जातो आणि तिथे त्याच्या गाठी तयार होतात. सगळा गिलावा या गाठींच्या आधाराने लटकलेला असतो. दुसऱ्या प्रकारात लोखंडी तुळया आणि त्यांच्यामध्ये विटांच्या चपट्या कमानी असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सरकारी आणि रेल्वेच्या इमारतींत ही ‘जॅक आर्च’ पद्धत भरपूर वापरली गेली. तिसरा प्रकार म्हणजे मंदिरे, समाध्या, दर्गे यांचे विटांचे किंवा दगडी घुमट. त्यांच्या आतल्या अंगाला गिलावा थेट चिकटवलेला असतो.

गिलावा अर्थातच सिमेंटचा नसे. चुना, वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी घाणीत मळत. अनेक ठिकाणी त्यात गूळ, बेलफळाचा गर, ताग असे पदार्थ घालत. हा गिलावा सिमेंटपेक्षा मऊ असतो, थोडी हालचाल सोसतो आणि त्यातून ओल बाहेर पडू शकते.

मग तो पडतो कशामुळे?

बहुतेक वेळा सुरुवात वरून होते. कवेलू फुटते, पन्हाळ तुंबते, गच्चीला तडा जातो आणि पाणी झिरपू लागते. लाकडी पट्ट्या कुजतात, खिळे गंजतात, वाळवी म्हणजे आपल्याकडची उधई लाकूड पोखरते. गिलाव्याच्या गाठी एकेक करून तुटतात. जॅक आर्चमध्ये लोखंडी तुळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते, त्यामुळे तो गिलाव्याला खाली ढकलतो. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यात साठतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि थर आतून भुसभुशीत होतो. लोणा लागणे म्हणतात ते हेच. त्यात पंख्याच्या हुकाची सततची थरथर आणि वीजवाहिन्यांसाठी पाडलेली भोके यांची भर पडते.

अडचण अशी, की हे सगळे चालू असताना खालून छत अगदी साफ दिसू शकते. दर दोन-चार वर्षांनी रंग दिलेला असतो, त्यामुळे डागही झाकले जातात. गिलावा मूळ आधारापासून सुटून आत पोकळी झालेली असते, पण आजूबाजूचा चिकटलेला भाग त्याला धरून असतो. तो आधार संपला की मोठा तुकडा एकदम खाली येतो. चुन्याच्या गिलाव्याचा एक मीटर लांब-रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड तुकडा साधारण ४० किलोचा भरतो. सिमेंटच्या पोत्यापेक्षा हे वजन थोडेच कमी आहे.

लंडनच्या अपोलो नाट्यगृहात १९ डिसेंबर २०१३च्या रात्री हेच घडले. १९०१ साली सुरू झालेल्या या नाट्यगृहात सातशेहून अधिक प्रेक्षक नाटक पाहत असताना छताच्या नक्षीदार गिलाव्याचा मोठा भाग कोसळला आणि ७५हून अधिक लोक जखमी झाले. छताला वरून धरून ठेवणारे, तागाचे कापड आणि प्लास्टर यांचे जुने बंध काळाच्या ओघात कमकुवत झाल्याचे तपासात पुढे आले. खाली बसलेल्या कुणालाही ते दिसणे शक्य नव्हते. त्यानंतर ब्रिटनमध्ये जुन्या नाट्यगृहांच्या छतांची तपासणी कशी करावी, याबाबतचे नियम अधिक कडक झाले.

टिचकी मारून कळत नाही का?

कळते. अनुभवी गवंडी बोटाच्या पेराने किंवा लाकडी मुठीने हलके ठोकून ‘बद्द’ आवाजावरून पोकळ जागा सांगतो आणि ही पद्धत आजही टाकाऊ ठरलेली नाही. पण त्यासाठी छताच्या प्रत्येक हातभर जागेपर्यंत पोहोचावे लागते, म्हणजे सगळीकडे पराती बांधाव्या लागतात. कमकुवत गिलावा ठोकण्यानेच पडू शकतो. छतावर चित्रे किंवा नक्षी असेल तर ठोकणे योग्यही नाही. शिवाय ऐकलेल्या आवाजाची नोंद राहत नाही, त्यामुळे दोन वर्षांनी पोकळी वाढली का, याची तुलना करता येत नाही. प्रतिमा घेणारी तंत्रे ही उणीव भरून काढतात.

थर्मल कॅमेरा काय पाहतो?

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. थर्मल कॅमेरा ते टिपून तापमानाचा रंगीत नकाशा दाखवतो. वीज उपकेंद्रांत तापलेले जोड शोधण्यासाठी हाच कॅमेरा वापरतात आणि करोनाच्या काळात विमानतळांवर ताप मोजण्यासाठीही तो लावला होता. चांगला कॅमेरा एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी फरक ओळखतो.

छतात त्याचा उपयोग साध्या तत्त्वावर होतो. हवा उष्णतेची वाईट वाहक आहे. दुपारी उन्हाने छत वरून तापू लागते तेव्हा गिलावा जिथे घट्ट चिकटलेला आहे तिथे उष्णता लवकर खाली पोहोचते. पोकळी असेल तिथे आतली हवा तिला अडवते, म्हणून तेवढा भाग थंड दिसतो. रात्री छत वरून निवू लागले की चित्र उलटते. ओल असलेली जागा मात्र बाष्पीभवनामुळे आजूबाजूपेक्षा थंड दिसते. बऱ्याचदा गिलाव्यामागच्या तुळया आणि पट्ट्याही पट्ट्यापट्ट्यांनी उमटतात, त्यामुळे छत कोणत्या पद्धतीचे आहे हे भोक न पाडता कळते. सगळे काम जमिनीवरून, छताला हात न लावता होते.

इतर तंत्रे कोणती?

भूभेदी रडार म्हणजे जीपीआर. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातील रत्नभांडाराची २०२४ मध्ये राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने याच तंत्राने तपासणी केली, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. रेडिओ लहरी आत सोडायच्या आणि वेगवेगळ्या थरांवरून परतलेल्या लहरींवरून आतले चित्र काढायचे, अशी ही पद्धत आहे. छतासाठी उच्च वारंवारितेचा छोटा अँटेना लागतो. लोखंडी तुळई कुठे आहे, थर किती जाड आहे, आत मोठी पोकळी आहे का, हे त्यातून कळते. मात्र अँटेना छताजवळ न्यावा लागतो, ओलसर आणि क्षारयुक्त थरात लहरी लवकर क्षीण होतात आणि केसाएवढी फट त्यातून दिसत नाही.

लेझर स्कॅनर. हे यंत्र खोलीच्या मधोमध ठेवले की छतावरील लाखो बिंदूंची अंतरे मोजते. छत कुठे किती मिलिमीटर खाली झुकले आहे, याचा नकाशा मिळतो. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा मोजून दोन नकाशे एकमेकांवर ठेवले की झुकणे थांबले आहे की वाढते आहे, हे स्पष्ट होते. एकमेकांवर येणारी अनेक छायाचित्रे काढून संगणकावर त्रिमित प्रतिमा बनवण्याची फोटोग्रामेट्री ही त्याची स्वस्त पर्यायी पद्धत आहे.

लेझर कंपनमापक. ध्वनिवर्धकातून आवाज सोडून छताला अगदी सूक्ष्म थरथर दिली जाते आणि लांबूनच लेझरने ती मोजली जाते. सुटलेला गिलावा ढोलकीच्या पानासारखा जास्त थरथरतो. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीतील भित्तिचित्रांमागचे दोष शोधण्यासाठी हे तंत्र वापरले गेले आहे. टिचकीचीच ही स्पर्शाविना आवृत्ती म्हणता येईल.

याशिवाय पंख्याच्या हुकाजवळ किंवा दिव्याच्या जागी आधीच असलेल्या भोकातून बारीक नळीचा कॅमेरा आत सोडून तुळया, पट्ट्या आणि गाठी प्रत्यक्ष पाहता येतात.

महाराष्ट्रात असे काम झाले आहे का?

गिलाव्याच्या छताचे राज्यातले सर्वात मोलाचे उदाहरण अजिंठ्याला आहे. लेणे क्रमांक १, २ आणि १७ यांची छते चित्रांनी भरलेली आहेत आणि ती चित्रे दगडावर नसून मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. त्या मातीत दगडाची भुकटी, वनस्पतींचे तंतू आणि भाताचा कोंडाही मिसळलेला आहे. भाताच्या तुसाची माती भंडाऱ्यातल्या कुडाच्या घरांनाही अनोळखी नाही. इथे वरून पाहण्याची सोय नाही, कारण वर अख्खा डोंगर आहे. खालून ठोकता किंवा खरवडता येत नाही, कारण तिथे दीड हजार वर्षांपूर्वीचे चित्र आहे. म्हणून अशा ठिकाणी स्पर्शाविना तपासणीला पर्याय नाही.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने टोकिओच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संशोधन संस्थेबरोबर अजिंठ्यात संयुक्त प्रकल्प राबवला. त्यात लेणे क्रमांक २ मधील चित्रांचे उच्च क्षमतेच्या डिजिटल छायाचित्रणाने दस्तावेजीकरण झाले. अशा नोंदीमुळे पुढच्या पिढीला तडा नवा की जुना, हे सांगता येते.

आधी नोंद आणि मग उपाय हा क्रम का महत्त्वाचा, हेही अजिंठाच सांगतो. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा बसवला, हे मोठेच काम होते. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा आणि काळपट पडला आणि तो काढण्याचे काम पुरातत्त्व सर्वेक्षणाला नंतर अनेक वर्षे करावे लागले.

प्रतिमा सगळेच सांगत नाही, याचे उदाहरण वेरूळला आहे. तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे राजदेव सिंग आणि म. म. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात मांडले. त्यासाठी गिलाव्याचा लहानसा नमुना घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागला. गिलावा कशाचा आहे हे नमुना सांगतो, तो कुठे सुटला आहे हे प्रतिमा सांगते. दुरुस्तीसाठी दोन्ही माहिती लागते.

या तंत्रांच्या मर्यादा काय?

थर्मल कॅमेरा भिंतीच्या आरपार पाहतो, हा सर्वात मोठा गैरसमज आहे. तो फक्त पृष्ठभागाचे तापमान पाहतो, आत काय असावे याचा अंदाज तज्ज्ञ बांधतो. नुकताच विझवलेला दिवा, पंख्याचा वारा, वेगळ्या रंगाचा पट्टा, सिमेंटने बुजवलेली जुनी जागा या सगळ्यांचे डाग पोकळीसारखे दिसू शकतात. छताच्या आत आणि बाहेर तापमान सारखे असेल तर काहीच दिसत नाही.

म्हणून तपासणीची वेळ निवडावी लागते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या झडीच्या दिवसांत आकाश भरलेले असते आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नसतो. तेव्हा पोकळ्या शोधणे अवघड जाते. एप्रिल-मे महिन्यांत दुपार आणि पहाट यांत मोठा फरक असतो, छत कोरडे असते, त्यामुळे पोकळ्यांसाठी थर्मल कॅमेरा आणि रडार दोन्हींना हा काळ सोयीचा. ओल कुठून येते हे मात्र पावसाने उघडीप दिल्यावर, छत वाळू लागलेले असताना नीट दिसते. एकाच छताची वर्षातून दोनदा पाहणी केली तर दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

दुसरी मर्यादा अशी, की पोकळी दिसली म्हणजे तो भाग उद्याच पडेल असे नाही, आणि दिसली नाही म्हणजे छत सुरक्षित आहे असेही नाही. गिलावा किती ताकदीने धरलेला आहे, हे कोणताही कॅमेरा मोजत नाही. प्रतिमेत संशयास्पद दिसलेल्या जागी जवळ जाऊन पाहणे, हलके ठोकणे, आत कॅमेरा सोडणे हे करावेच लागते. फायदा एवढाच, पण मोठा, की हे काम सगळ्या छताऐवजी मोजक्या जागी करावे लागते.

नेहमीच्या ‘स्ट्रक्चरल ऑडिट’मध्ये हे होत नाही का?

बहुतेक वेळा होत नाही. रिबाउंड हॅमर आणि श्राव्यातीत लहरींच्या प्रचलित चाचण्या मुख्यतः काँक्रीटसाठी आहेत. चुना, लाकूड आणि विटांच्या छताला त्या लावून आलेले आकडे काँक्रीटच्या मापाने वाचले, तर छत कमकुवत ठरणारच, कारण चुना मुळातच मऊ असतो. जुन्या इमारतीच्या परीक्षणात चुन्याच्या कामाची माहिती असलेली व्यक्ती हवी आणि अहवालात नुसता ‘धोकादायक’ हा शेरा न देता छताचा नकाशा हवा. कुठला भाग घट्ट आहे, कुठल्या भागावर लक्ष ठेवायचे आणि कुठल्या भागाला लगेच टेकू द्यायचा, हे त्यात दाखवलेले असावे.

असा नकाशा हाती असेल तर दुरुस्तीही मोजकी होते. सुटलेल्या जागी बारीक भोकातून चुन्याचे पातळ मिश्रण आत भरता येते, रुंद चकत्या लावलेल्या न गंजणाऱ्या स्क्रूंनी गिलावा तुळयांना पुन्हा जखडता येतो. सगळे छत खरवडून सिमेंट थापण्याने मात्र अनेकदा नुकसानच होते. सिमेंटचा थर कडक असतो, ओल आत कोंडतो आणि मागचे लाकूड किंवा लोखंड अधिक वेगाने खराब होते. खालून पीओपीचे खोटे छत लावणे तर त्याहून वाईट, कारण मग मूळ छताकडे कुणाचे लक्षच जात नाही.

खर्च आणि यंत्रणा कुठून येणार?

मोबाइलला जोडायचे साधे थर्मल कॅमेरे काही हजार रुपयांत मिळतात. त्यांनी प्राथमिक पाहणी होते, अंतिम निष्कर्ष काढता येत नाही. रडार आणि लेझर स्कॅनर महाग आहेत, पण ते विकत घेण्याची गरज नसते. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर नागपूरला विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, तिथे स्थापत्य अभियांत्रिकी आणि वास्तुकला हे दोन्ही विभाग आहेत. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे विभागीय कार्यालयही नागपुरातच आहे. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद आणि नगरपालिकांनी आपल्या ताब्यातील जुन्या इमारतींची यादी करून अशा संस्थांमार्फत एकत्रित पाहणी करून घेतली, तर एकेका इमारतीचा खर्च कमी होऊ शकतो.

तोवर काय करता येईल?

यंत्रे येण्याची वाट न पाहता मुख्याध्यापक, कार्यालयप्रमुख किंवा वाड्याचे मालक काही गोष्टी करू शकतात. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर, खोलीतल्या ठरलेल्या जागेवरून छताचे छायाचित्र काढून तारखेसह जपून ठेवावे. टॉर्चचा झोत छताला समांतर टाकला तर फुगवटे आणि खळगे उठून दिसतात. गळती कधी आणि कुठे झाली, याची वही ठेवावी. तपासणीला येणाऱ्या अभियंत्याला या नोंदींचा कॅमेऱ्याइतकाच उपयोग होतो. रंग देण्याआधी डाग आणि भेगांची नोंद करून घ्यावी.

आणि काही खुणा दिसल्या तर तपासणीचीही वाट पाहू नये. छत मधोमध झुकलेले दिसणे, भेगेची एक कड दुसरीपेक्षा खाली आलेली असणे, पंख्याच्या हुकाभोवती गोल भेग पडणे, जमिनीवर रोज चुन्याची भुकटी सापडणे, मोठ्या पावसानंतर गिलावा ओला होऊन फुगणे, यांपैकी काहीही दिसले तर खोली त्याच दिवशी रिकामी करून कुलूप लावावे, खाली कुणालाही बसू देऊ नये आणि टेकू देण्यासाठी बांधकाम विभागाला लेखी कळवावे. इमारत वाचवायची की पाडायची, हा प्रश्न त्यानंतर छताचा नकाशा समोर ठेवून सोडवता येतो.